माशी बुडते कशी?

गळाला लावायची नकली माशी बहुधा दोऱ्याने बांधतात. इंग्लंडमधील एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांनी मात्र दोरा वापरलाच नाही. त्यांचे साहित्य तीनच वस्तूंचे : गळ, फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे काही तंतू आणि केसासारखी बारीक तांब्याची तार.

असे का? ट्राउट मासा पुष्कळदा पाण्याखाली पोहणारी मेफ्लाय कीटकाची पिल्ले खातो. नकली पिल्लू वेळेवर खाली गेले नाही, तर ते माशाच्या डोक्यावरून वाहून जाते.

बांधणी सोपी आहे. प्रथम गळाच्या दांडीवर तारेचे वेढे घ्यायचे. पुढच्या बाजूस जास्त वेढे देऊन फुगवटा करायचा. तंतूंची टोके शेपटीसारखी मागे सोडायची. उरलेले तंतू तारेबरोबर पिळून पुढे गुंडाळायचे, फुगवट्यावर पुढे-मागे दुमडायचे आणि तारेनेच आवळायचे. पाय नकोत, पिल्लू पोहताना ते अंगाशी घेते.

आता हिशेब करू. तांब्याची घनता सुमारे ८.९, कापसाच्या धाग्याची १.५ आणि पाण्याची १ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. म्हणजे उत्प्लावक बल वजा जाता प्रत्येक घन सेंटिमीटरमागे तांब्याचे ७.९, तर धाग्याचे केवळ ०.५ ग्रॅम वजन उरते. जवळजवळ सोळापट! बांधणारी वस्तूच येथे बुडवणारी झाली.

करून पाहा : गूल काढलेली आगकाडी भिजवा. तिच्यावर जुन्या मोटारीच्या गुंडाळीतील बारीक तार गुंडाळा. किती वेढ्यांना काडी बुडते? मिठाच्या पाण्यात वेढे जास्त लागतील की कमी? आधी उत्तर लिहा, मग मोजा.