घटक ३ : रूपांतर आणि आवाज – ‘माय फेअर लेडी’ व ‘ती फुलराणी’

३.१ प्रास्ताविक

रूपांतरात कथानक सहसा टिकते. पण पात्राच्या बोलीचे काय होते? एकाच नाटकावर आधारलेल्या दोन कलाकृतींच्या आधारे हा प्रश्न तपासू.

३.२ विषय-विवेचन

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’चा पहिला प्रयोग १९१३ मध्ये व्हिएन्ना येथे झाला. लंडनच्या रस्त्यावर फुले विकणाऱ्या एलायझाला प्रा. हिगिन्स उच्चभ्रूंची भाषा शिकवतात. शेवटी ती त्यांचे वर्चस्व झुगारते. प्रेक्षकांना हवा असलेला गोड शेवट शॉ यांना अमान्य होता. तसा उपसंहारच त्यांनी पुढे लिहिला. तरीही १९३८ च्या चित्रपटात एलायझा हिगिन्सकडे परतते. १९५६ ची ब्रॉडवेवरील संगीतिका आणि तीवरून १९६४ मध्ये निघालेला ‘माय फेअर लेडी’ यांनीही तोच शेवट स्वीकारला.

या चित्रपटाच्या पडद्यामागील एक गोष्ट अर्थपूर्ण आहे. हिगिन्सची भूमिका करणारे रेक्स हॅरिसन यांनी आपली गाणी चित्रीकरणाच्या वेळीच म्हटली. त्यासाठी त्यांच्या टायमध्ये ध्वनिग्राहक लपवला होता. ऑड्री हेपबर्न यांनी एलायझाच्या गाण्यांची तयारी केली होती. परंतु बहुतेक गाण्यांत मार्नी निक्सन यांचा आवाज वापरला गेला आणि श्रेयनामावलीत त्यांचे नाव नव्हते. स्त्रीला स्वतःचा आवाज गवसण्याच्या या कथेत प्राध्यापकाचा आवाज जपला गेला, फुलराणीचा मात्र बदलला गेला.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’त (१९७५) एलायझाची मंजुळा झाली. कॉकनी बोलीचे भाषांतर करण्याऐवजी पुलंनी तिला मुंबईच्या रस्त्यावरील मराठी दिली. भक्ती बर्वे यांनी त्या बोलीतील राग, नक्कल आणि स्वाभिमान आपल्या आवाजातून रंगमंचावर उभा केला. येथे बोली हे केवळ विनोदाचे साधन राहत नाही. ती पात्राची ओळख ठरते.

३.३ सारांश

‘शुद्ध’ भाषा शिकणे म्हणजे आपली बोली टाकणे नव्हे. नांदुऱ्यात ‘काऊन’ किंवा ‘करून राहिलो’ म्हणणारा अभ्यासक प्रमाण मराठीत उत्तरपत्रिका लिहितो, तेव्हा त्याची भाषा वाढते. वऱ्हाडी उणी ठरत नाही.

३.४ स्वयंअध्ययन

१. शॉ यांना गोड शेवट का नको असावा? चर्चा करा.
२. मंजुळा नांदुरा रेल्वे स्थानकाबाहेर फुले विकते अशी कल्पना करून तिचे दहा ओळींचे स्वगत वऱ्हाडीत लिहा. त्यात विनोद कोणाच्या बाजूने आहे, ते तपासा.