प्रवाळांचा शीघ्र ऊतिनाश : लक्षणे व उपाय

काचेच्या टाकीत खारे पाणी भरून त्यात जिवंत प्रवाळ वाढविण्याचा छंद युरोप व अमेरिकेत गेल्या चार-पाच दशकांत चांगलाच रुजला आहे. १९८० च्या दशकात बर्लिन येथील हौशी मंडळींनी जिवंत खडक, प्रखर प्रकाश आणि फेसाच्या साहाय्याने पाणी शुद्ध करणारे यंत्र यांचा मेळ घालून फांद्यांचे कठीण प्रवाळ घरच्या टाकीत वर्षानुवर्षे जगविता येतात, हे दाखवून दिले. आपल्याकडे कायद्याने हा छंद करता येत नाही. त्याचा उल्लेख पुढे येईलच. परंतु या टाक्यांतून प्रवाळांच्या एका भीषण रोगाविषयी जे अनुभव जमा झाले, त्यांचा उपयोग आज समुद्रातील प्रवाळ वाचविण्यासाठी होत आहे. म्हणून किनाऱ्यावरील लोकांना व विज्ञानाच्या शिक्षकांना त्यांची माहिती असणे इष्ट होय.

प्रथम प्रवाळाची रचना ध्यानी घ्यावी. झाडाच्या फांदीसारखा किंवा दगडासारखा दिसणारा प्रवाळ म्हणजे हजारो लहान प्राण्यांची एक वसाहत असते. हे प्राणी स्वतःभोवती चुन्याचा सांगाडा रचतात आणि त्या सांगाड्यावर त्यांच्या शरीराचा पातळ थर अखंड पसरलेला असतो. एका प्राण्याची ऊती शेजारच्याशी जोडलेली असल्याने अन्नरस एकाकडून दुसऱ्याकडे जातो. हीच जोडणी रोगाच्या वेळी घातक ठरते. ऊतींच्या आत सूक्ष्म शैवाल राहते. प्रवाळाचा तपकिरी रंग मुख्यत्वे त्याचाच असून अन्नाचा मोठा वाटाही तेच पुरविते.

शीघ्र ऊतिनाशाचे स्वरूप असे. सायंकाळी निकोप दिसणारी वसाहत सकाळी पाहावी तो बुडापासून पांढरी पडलेली असते. ऊती सांगाड्यापासून सुटून चिंध्यांप्रमाणे पाण्यात लोंबत असतात व प्रवाहाबरोबर गळून जातात. मागे स्वच्छ, पांढराशुभ्र चुना उरतो. पांढरा भाग व जिवंत भाग यांमधील सीमारेषा ठळक असते आणि ती कधी कधी तासागणिक पुढे सरकताना डोळ्यांना दिसते. एक-दोन दिवसांत संपूर्ण वसाहत नष्ट झाल्याची उदाहरणे विपुल आहेत. ॲक्रोपोरा, पोसिलोपोरा, स्टायलोफोरा, सेरियाटोपोरा अशा नाजूक फांद्यांच्या जाती यास विशेष बळी पडतात. हीच क्रिया काही आठवडे रेंगाळत चालली तर तिला मंद ऊतिनाश म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. पांढरा पडलेला प्रत्येक प्रवाळ मेलेला नसतो. पाणी फार तापले की प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकतो व विरंजित होतो. त्या वेळी ऊती जाग्यावरच असतात, मात्र पारदर्शक झाल्याने आतील सांगाडा दिसतो. उष्णता लवकर ओसरली तर असा प्रवाळ सावरू शकतो. ऊतिनाशात ऊतीच गेलेली असते आणि गेलेल्या जागी ती परत आणता येत नाही. भिंगातून पाहिल्यास फरक तत्काळ कळतो. विरंजित प्रवाळावर प्राण्यांची इवली तोंडे व स्पर्शिका दिसतात, तर ऊतिनाशात केवळ रिकामी घरे दिसतात. काही दिवसांनी त्या उघड्या चुन्यावर हिरवट शैवाल चढते.

रोगाचे कारण एकच एक सांगता येत नाही. इटलीतील संशोधकांनी २००७ साली रोगग्रस्त पोसिलोपोरा प्रवाळांत व्हिब्रिओ हार्वेई हा जीवाणू आढळल्याचे प्रसिद्ध केले. कोळंबी बीज केंद्रे चालविणाऱ्यांना या जीवाणूची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. अंधारात चमकणाऱ्या रोगाने पिले मारणारा तो हाच. रोगाच्या सीमेवर ऊती खाणारे पक्ष्माभिकायुक्त आदिजीवही मोठ्या संख्येने दिसतात. मात्र ते रोग आणतात की आधीच खचलेल्या ऊतींवर ताव मारावयास येतात, याविषयी मतभेद आहेत. हे जीव निरोगी टाकीतही थोडेबहुत असतातच. वसाहतीवर एखादा ताण पडला, म्हणजे त्यांचे फावते.

हा ताण बहुधा पाण्यातील अचानक फेरबदलाचा असतो. वाढणारा प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट सतत शोषून घेतो, म्हणून ती भर दररोज घालावी लागते. समुद्राच्या पाण्याची क्षारता साधारणतः ७ जर्मन अंश असते. टाकीत ती ७ ते ९ अंशांच्या दरम्यान ठेवतात. भर घालणारा पंप दोन दिवस बंद पडतो, क्षारता घसरते, मालक घाबरून सारी भर एकदम ओततो आणि दुसऱ्या दिवशी ऊती सुटू लागतात. छंदिकांच्या नोंदींत ही हकीकत पुनःपुन्हा आढळते. उणीव असली तरी ती दिवसाला १ अंशाहून अधिक वेगाने भरून काढू नये, असा अनुभवी लोकांचा दंडक आहे. तापमान २५ ते २६ अंश सेल्सियस व लवणता हजारी ३५ असावी. हे आकडे अगदी काटेकोर साधण्यापेक्षा ते स्थिर राखणे अधिक मोलाचे आहे. याखेरीज वीज जाऊन प्रवाह थांबणे, तापक अडकून पाणी तापणे, नवा प्रखर दिवा लावणे, लांबचा प्रवास ही कारणेही घडतात.

रोग दिसताच प्रथम तापमान, लवणता व क्षारता मोजावी. न मोजता औषध घालणे हा नेहमीचा प्रमाद होय. लोंबणाऱ्या ऊती नळीने शोषून टाकीबाहेर काढाव्यात, कारण त्या प्रवाहाबरोबर शेजारच्या प्रवाळांवर जाऊन बसतात. गाळणीत नवा क्रियाशील कोळसा ठेवावा. काही पाणी बदलावे, परंतु नवे पाणी तापमानाने व लवणतेने जुन्याशी जुळते असावे. नाहीतर उपायच अपाय ठरतो.

एवढ्याने धावती सीमारेषा क्वचितच थांबते. म्हणून खरा उपाय शस्त्राचा आहे, आणि तेथेच छंदिकाचे मन कचरते. पाच-सहा वर्षे वाढविलेली वसाहत स्वतःच्या हाताने तोडावयाची! सकाळपर्यंत वाट पाहू, असे म्हणणाऱ्यास सकाळी बहुधा तोडण्याजोगे काही उरत नाही. बागायतदारास यातील तत्त्व चटकन उमगेल. आंब्याची फांदी शेंड्याकडून वाळत येऊ लागली, तर ती वाळक्या भागाच्या टोकाशी कापून भागत नाही. खाली हिरव्या लाकडात काही बोटे उतरून कापावी लागते व कापलेल्या तोंडास बोर्डो मलम लावावे लागते. प्रवाळाचेही तसेच. सीमारेषेवर कापल्यास रोग तुकड्याबरोबरच जातो. तेथून जिवंत बाजूस एक ते दोन सेंटिमीटर सरकून हाडे कापण्याच्या कात्रीने फांदी तोडावी. रोग बुडाकडून येत असेल तर शेंड्याचे अनेक तुकडे घ्यावेत, कारण त्यांतील सारे जगतीलच असे नाही.

तोडलेले तुकडे टाकीतील पाण्याच्या वेगळ्या भांड्यात घेऊन त्यात आयोडीनचे थेंब, पाण्यास बिनदुधाच्या पातळ चहाचा रंग येईपर्यंत, टाकावेत. सुमारे दहा मिनिटांनी तुकडे काढून स्वच्छ खाऱ्या पाण्यात हलवावेत. भांड्यातील पाणी टाकीत परत ओतू नये. नंतर प्रत्येक तुकडा चुनखडीच्या खड्यावर सायनोॲक्रिलेट डिंकाने चिकटवावा. कापलेली कड या डिंकाने झाकली जाते, हा दुहेरी लाभ. शक्य असल्यास तुकडे निराळ्या टाकीत, मध्यम प्रकाशात व चांगल्या प्रवाहात ठेवावेत. काही आठवड्यांत ऊती डिंकावरून पसरून खड्यावर उतरू लागल्या, म्हणजे तुकडा वाचला असे समजावे.

काही जण टाकीत प्रतिजैविके घालतात. त्यांनी काही वेळा गुण येतो हे खरे, परंतु पाणी शुद्ध राखणारे उपकारक जीवाणूही त्यात मरतात, आणि औषधास दाद न देणारे जीवाणू निपजण्याचा धोका राहतो. पशुपालनात व कोळंबीच्या तळ्यांत या चुकीची किंमत मोजून झालेली आहे.

छंदिकांनी याहून शहाणपणाचा एक विमा शोधला. वसाहत निरोगी असतानाच तिचे तुकडे मित्रांना वाटून द्यावयाचे. बर्लिनच्या डीट्रिख श्ट्यूबर यांच्या टाकीतील ॲक्रोपोरा अशाच रीतीने घरोघर पोहोचला. एकाकडील वसाहत एका रात्रीत गेली, तरी दुसऱ्याकडून बोटभर तुकडा परत आणता येतो.

समुद्रात मात्र प्रश्न फार मोठा होतो. २०१४ साली अमेरिकेतील मायामी शहराजवळ कठीण प्रवाळांच्या ऊती झपाट्याने नष्ट करणारा रोग प्रथम दिसला. हा रोग टाकीतील रोगाहून निराळा असून तो प्रामुख्याने गोलाकार, भरीव जातींना होतो. वीसहून अधिक जाती त्याच्या तावडीत सापडल्या. काही वर्षांत त्याने फ्लॉरिडाची सारी प्रवाळरांग व्यापली, २०१८ साली तो मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावरही दिसला, आणि २०२१ साली रांगेच्या टोकावरील ड्राय टॉर्टुगास बेटांपर्यंत पोहोचला. त्याचा निश्चित रोगकारक अद्याप ठरलेला नाही. शेकडो वर्षांच्या वसाहतीतून तुकडा कापून घेऊन बाकीची सोडून देणे परवडणारे नव्हते. म्हणून पाणबुड्यांनी सीमारेषेपुढे जिवंत भागात चर कोरून त्यात क्लोरीन मिसळलेले इपॉक्सी भरले. वणवा थोपविण्यासाठी जाळरेषा काढतात, तसाच हा प्रयत्न. पुढे ॲमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक चिकट मलमात कालवून थेट जखमेच्या कडेवर लावण्यात आले आणि बहुतेक जखमा थांबल्या. मात्र त्याच वसाहतीवर अन्यत्र नवी जखम उद्भवणे या मलमाने टळत नाही. पाणबुड्यांना पुनःपुन्हा त्याच वसाहतीकडे जावे लागते.

विम्याची युक्तीही तेथे वापरण्यात आली. २०१८ पासून रोग पोहोचण्यापूर्वीच निरोगी प्रवाळ काढून अनेक राज्यांतील मत्स्यालयांकडे सांभाळावयास देण्यात आले. फ्लॉरिडाच्या समुद्रातून स्तंभप्रवाळ आज जवळजवळ नाहीसा झाला आहे. परंतु २०१९ च्या ऑगस्टमध्ये फ्लॉरिडा ॲक्वेरियमच्या टाक्यांत ठेवलेल्या याच जातीने अंडी सोडली व त्यांपासून पिले मिळाली.

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ साली सर्व कठीण प्रवाळांचा समावेश झाला. ते समुद्रातून काढणे व त्यांचा व्यापार करणे गुन्हा आहे. किनाऱ्यावर लाटेने आलेला तुकडाही शोभेसाठी घरी आणू नये. अर्थात आपल्याकडे घरोघरी तुकडे जपून ठेवण्याचा विमा उपलब्ध नाही; कच्छ व मन्नारच्या आखातांत प्रवाळांचे तुकडे रोवण्याचे जे काम झाले, ते शास्त्रीय संस्थांनी परवानगीने केलेले आहे. गोव्याच्या ग्रांद बेटाभोवती, मालवणच्या खडकांवर व विजयदुर्गच्या पश्चिमेस असलेल्या आंग्रिया उथळीवर जे प्रवाळ आहेत, ते जेथे आहेत तेथेच टिकले पाहिजेत.

यास्तव ग्रांद बेटाकडे अगर मालवणास पर्यटक नेणारे होडीवाले व पाणबुडे यांचे डोळे महत्त्वाचे ठरतात. पांढरा प्रवाळ दिसल्यास त्यास हात लावू नये, नांगर त्यावर टाकू नये. ऊती जाग्यावर आहेत की केवळ चुना उरला आहे, पांढऱ्या भागाची कड ठळक आहे की फिकट होत गेलेली आहे, आणि शेजारच्या वसाहतींची स्थिती काय आहे, एवढे पाहून ठेवावे. जमल्यास मापासाठी शेजारी पट्टी धरून छायाचित्र घ्यावे व तीन-चार दिवसांनी त्याच वसाहतीचे दुसरे घ्यावे. कड किती सरकली, हे त्या दोन छायाचित्रांवरून कळते. ती तारीख व ठिकाणासह वनखात्याच्या अगर मत्स्योद्योग खात्याच्या जवळच्या कार्यालयात, किंवा दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे द्यावीत. एका रोगग्रस्त जागी वापरलेला पाणबुडीचा पोशाख व साहित्य दुसऱ्या जागी नेण्यापूर्वी निर्जंतुक करून गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे.