विद्यापीठाची जाहिरात

(विद्यापीठात शिकवण्याच्या व संशोधनाच्या जागा कोणत्या असतात आणि त्यांची जाहिरात कशी वाचावी, हे प्रस्तुत पाठात एका अनुभवाच्या आधारे सांगितले आहे.)

आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीची ही हकीकत. तिने इतिहासात एम. ए. केले. 'नेट' परीक्षाही ती उत्तीर्ण झाली. एके दिवशी अब्बांनी तिच्यापुढे वर्तमानपत्र ठेवले. एका विद्यापीठात सहायक प्राध्यापकांच्या जागा निघाल्या होत्या. तिने ऑनलाइन अर्ज केला, शुल्क भरले आणि ती निश्चिंत झाली. पुढे अपात्र उमेदवारांच्या यादीत तिचे नाव आले! अर्जाची छापील प्रत प्रमाणपत्रांसह अंतिम तारखेच्या आत पोहोचवायची होती. ही सूचना जाहिरातीच्या शेवटच्या पानावर होती.

अब्बा म्हणाले, "बेटी, ओळखीशिवाय कुठे नोकरी मिळते?"

ती म्हणाली, "नाही अब्बा, या वेळी चूक माझीच. मी जाहिरात पुरती वाचली नाही."

मुलांनो, अशी जाहिरात कशी वाचायची ते पाहू. प्रथम पदाचे नाव पाहावे. सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक अशा तीन पायऱ्या असतात. नव्या उमेदवारासाठी पहिली पायरी असते. त्यासाठी त्या विषयाची पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी मिळवावी लागते. राखीव प्रवर्गांना त्यात सवलत आहे. शिवाय नेट किंवा 'सेट' उत्तीर्ण व्हावे लागते. नेट परीक्षा १९८९ पासून होते. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. उर्दू आणि मराठी हेही या परीक्षांचे विषय आहेत.

मग जागेचा प्रकार पाहावा. काही जागा कायम असतात. काही ठिकाणी 'तासिका तत्त्वावर' शिकवावे लागते. म्हणजे जितके तास शिकवाल, तितकेच मानधन. संशोधन प्रकल्पातील जागा ठरावीक मुदतीच्या असतात. प्रकल्प संपला की त्या जागाही संपतात. नेटमध्ये वरचे गुण मिळवणाऱ्यांना संशोधनासाठी कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळू शकते. २०२३ पासून तिची रक्कम सुरुवातीच्या दोन वर्षांत दरमहा ३७,००० रुपये आहे. अनेक गरीब घरांतील मुले या रकमेच्या आधाराने पीएच. डी. करतात.

शेवटी अंतिम तारीख, शुल्क, जोडायची कागदपत्रे आणि अर्ज पाठवण्याची रीत पाहावी. प्रत्येक सूचनेखाली पेन्सिलने रेघ मारावी.

त्या मुलीने पुढे तेच केले. गुणपत्रके, प्रमाणपत्रे, छायाचित्रे यांची एक फाइल तिने तयार केली. पुढची जाहिरात निघेपर्यंत ती एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत राहिली. दुसऱ्या वेळी मुलाखतीचे बोलावणे आले, पण निवड झाली नाही. तिने फाइल फेकून दिली नाही. आज ती पीएच. डी. करत आहे आणि प्रत्येक नवी जाहिरात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. अब्बाही आता चष्मा लावून तिच्याशेजारी बसतात आणि विचारतात, "शेवटचे पान पाहिलेस ना?"

शब्दार्थ : अपात्र – अटी पूर्ण न करणारा, मानधन – कामाबद्दल दिली जाणारी रक्कम, अधिछात्रवृत्ती – संशोधनासाठी मिळणारी आर्थिक मदत, मुदत – ठरलेला काळ.

स्वाध्याय
१. मुलीचा अर्ज का नाकारला गेला?
२. 'तासिका तत्त्वावर' म्हणजे काय?
३. वर्तमानपत्रातील नोकरीची एक जाहिरात वाचा. तिच्यातील पद, पात्रता व अंतिम तारीख वहीत लिहा.