कोवळं ऊन पुरत नाही

चि. सायली हिस,


तुझा रिपोर्ट पाहिला. ड जीवनसत्त्व 9. वीसच्या खाली गेलं की कमतरता धरतात, तेव्हा डॉक्टरांनी औषध सुरू केलं हे चांगलंच झालं. पण खाली तू लिहिलं आहेस, "आत्या, मी तर रोज सकाळी सातला गच्चीवर उन्हात बसते." त्यासाठीच हे पत्र.

सातचं कोवळं ऊन सुखाचं असतं, पण त्यातून ड जीवनसत्त्व जवळजवळ मिळत नाही. सूर्य खाली असतो तेव्हा किरण तिरपे, लांबच्या वाटेनं येतात आणि आपल्याला हवे असलेले यूव्ही-बी किरण वाटेतच ओझोनमध्ये शोषले जातात. म्हणून घड्याळ न बघता सावली बघ. तुझी सावली तुझ्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते ऊन उपयोगाचं. पुण्यात मे महिन्यात हे साडेनऊच्या सुमारासच होतं; डिसेंबरात मात्र साधारण साडेअकरा ते दीड एवढाच वेळ हाती लागतो. नेमकी तेव्हा तू ऑफिसात असतेस. खिडकीशी बसून ऊन अंगावर आलं तरी काही साधत नाही, कारण काच यूव्ही-बी अडवते.

हे किरण त्वचेवर पडले की तिथल्या कोलेस्टेरॉलच्या जातीच्या एका पदार्थाचं रूप बदलतं आणि अंगाच्या उबेनं त्याचं हळूहळू ड-3 होतं. ते रक्तातून यकृतात जातं. तिथे तयार होणारं रूपच तुझ्या रिपोर्टमध्ये मोजलं आहे. शेवटचा बदल मूत्रपिंडात होतो, आणि मग आतडी अन्नातलं कॅल्शियम नीट शोषून घेतात. तू नाचणी खातेस, दूध पितेस, फार छान. पण ड नसेल तर त्यातलं बरंचसं कॅल्शियम अंगी न लागताच निघून जातं.

आपली त्वचा सावळी, तिला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. आठवड्यातून तीन-चार दिवस जेवणाच्या सुट्टीत बाहेर पड. बाह्या वर कर, चेहऱ्यावर ओढणी घे, अर्धा तास चाल. कातडी चुरचुरायला लागली तर लगेच सावलीत ये. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, त्यामुळे एखादा दिवस चुकला म्हणून बिघडत नाही.

खाण्यातून थोडंच मिळतं, पण तेही सोडू नकोस. बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा कर. जिममध्ये कुणी सांगितलं म्हणून तू अंड्यातला पिवळा बलक टाकून देतेस, ते आधी बंद कर. ड त्या बलकातच असतं. दूध घेताना पिशवीवर निळं '+एफ' चिन्ह आहे का बघ, त्या दुधात अ आणि ड वरून घातलेलं असतं.

आता त्या 60,000 युनिटच्या पुड्यांबद्दल, आणि हे मी कळकळीनं सांगते. त्या आठवड्याला एक अशाच घ्यायच्या, पोटभर जेवणानंतर, आणि डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे झाले की थांबायचं. बरं वाटतंय म्हणून दुकानातून परस्पर आणून चालू ठेवायच्या नाहीत. उन्हातून ड कधी प्रमाणाबाहेर होत नाही, कारण जास्तीचं त्वचाच मोडून टाकते. औषधाला असा अटकाव नसतो. अति झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं; सारखी तहान लागते, उलट्या होतात, मूत्रपिंडं बिघडतात. रोज एक पुडी घेऊन हॉस्पिटलात पोचलेली माणसं मी पाहिली आहेत.

कोर्स संपला की पुन्हा तपासून घे. आणि वहिनीचीही तपासणी कर. जिना चढताना मांड्या भरून येतात, खाली बसलं की हात टेकल्याशिवाय उठवत नाही, असं ती दिवाळीत म्हणत होती. वयाचं आहे म्हणून सोडून देऊ नका. दोघींचे आकडे हातात आले की रात्री नऊनंतर फोन कर.

तुझी,
आत्या