भाजलेला रोगी आणि शिकाऊ परिचारिका

परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुलीला ‘भाजल्यावर प्रथम काय करावे?’ असे विचारले, तर ‘थंड पाणी घालावे’ हे उत्तर ती सहज देईल. परंतु पाणी किती वेळ घालावे, भाजलेला भाग कसा मोजावा आणि सलाईनचा हिशेब कोणत्या वेळेपासून धरावा, ही माहिती झाल्यावाचून तिचे ज्ञान रोग्याच्या उपयोगी पडत नाही.

प्रथम पाणी. आग विझली तरी कातडीत शिरलेली उष्णता आत जाळीतच राहते. म्हणून नळाचे साधे वाहते पाणी भाजलेल्या जागेवर 20 मिनिटे सोडावे. भाजल्यापासून 3 तासांच्या आत हे केले तरी लाभ होतो. बर्फ लावू नये. त्याने कातडीस आणखी इजा होते. हळद, तूप, शाई, दंतमंजन यांचा लेप देऊ नये, कारण जखम झाकली जाते आणि तो लेप काढताना रोग्यास यातना होतात. सूज चढण्यापूर्वी बांगड्या व अंगठ्या उतरवाव्या. अंगाला चिकटलेले कापड मात्र ओढू नये. बाकीचे अंग पांघरुणाने उबदार ठेवावे.

दुसरे मोजमाप. वॉलेस यांनी 1951 साली प्रसिद्ध केलेला ‘नवाचा नियम’ पाठच असावा. प्रौढ माणसाचे डोके व मान मिळून 9 टक्के, प्रत्येक हात 9, प्रत्येक पाय 18, छाती व पोट 18, पाठ 18 आणि जननेंद्रियाचा भाग 1, एकूण 100. तान्ह्या मुलाचे डोके मोठे, म्हणून त्याचे 18 व प्रत्येक पायाचे 14 धरतात. नुसती लाल झालेली कातडी या हिशेबात धरू नये. आणखी एक ध्यानात ठेवावे : फार खोल भाजलेली जागा दुखत नाही, कारण तेथील मज्जातंतूच जळालेले असतात. रोगी कण्हत नाही म्हणून जखम हलकी समजू नये.

तिसरी गोष्ट वेळ. पार्कलंड सूत्राप्रमाणे प्रौढाचे वजन, भाजलेले टक्के आणि 4 यांचा गुणाकार करावा. तितके मिलिलिटर रिंगर लॅक्टेट 24 तासांसाठी धरतात. 50 किलो वजनाची बाई 20 टक्के भाजली, तर 4000 मिलिलिटर. त्यातील निम्मे पहिल्या 8 तासांत द्यावयाचे. पण हे 8 तास भाजल्या क्षणापासूनचे, रुग्णालयात आल्यापासूनचे नव्हेत. ती सकाळी 10 वाजता भाजली व दुपारी 12 वाजता आली, तर 2000 मिलिलिटर संध्याकाळी 6 पर्यंत, म्हणजे 6 तासांतच गेले पाहिजे. हा आकडा केवळ आरंभाचा होय. पुढे दर तासाची लघवी मोजून डॉक्टर तो कमीअधिक करतात. ते मोजमाप चोख ठेवणे परिचारिकेचे काम.

म्हणून ‘किती वाजता भाजले?’ हा प्रश्न तिने विसरू नये. पुष्कळदा घरची गोष्ट बाहेर जाऊ नये म्हणून नातेवाईक खरी वेळ सांगत नाहीत, आणि त्याचे मोल भाजलेल्या सुनेला किंवा लेकराला द्यावे लागते. विद्यार्थिनीने हा प्रश्न शांतपणे, दोष न देता विचारावा. आणि आपण घरच्यांनी? पाणी सोडावे, घड्याळ पाहावे आणि खरे तेच सांगावे.