आंतरजालावरील संभाषणाचे ध्वनिमुद्रण

निपाणी भागातील तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली रास्त भावासाठी आंदोलन केले. ६ एप्रिल १९८१ रोजी झालेल्या पोलीस गोळीबारात शेतकरी प्राणास मुकले. त्या वेळी पंचविशीत असलेले आंदोलक आज सत्तरीला पोहोचले आहेत. त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जतन करावयाच्या, तर आता वेळ दवडून चालणार नाही. प्रत्येकाच्या गावी जाणे जमत नसेल, तर आंतरजालावरून त्यांच्याशी बोलून ते संभाषण घरच्या संगणकावर मुद्रित करता येते व पॉडकास्टच्या रूपाने इतरांस ऐकविता येते. ते नीट कसे करावे, याचा विचार मी प्रस्तुत लेखात करणार आहे.

पॉडकास्ट म्हणजे श्रोत्याने आपल्या सवडीने ऐकावयाचा श्राव्य कार्यक्रम. हा शब्द २००४ साली बेन हॅमर्सली या पत्रकाराने इंग्लंडच्या 'गार्डियन' दैनिकात प्रथम वापरला. दूरच्या पाहुण्याची मुलाखत घेण्यासाठी पॉडकास्ट करणारे तेव्हा २००३ मध्ये सुरू झालेल्या स्काइपचा आधार घेत. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झाले. आज झूम, गूगल मीट, व्हॉट्सॲप ही साधने हाताशी आहेत.

साधन कोणतेही असो, एक अडचण कायम आहे. आंतरजालावर आवाज अखंड जात नाही. त्याचे साधारणपणे एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे तुकडे करून ते पाठविले जातात. वाटेत एखादा तुकडा हरवला, तर संभाषण थांबवून तो पुन्हा मागविण्यास सवड नसते. संगणक ती जागा अंदाजाने भरून काढतो. शिवाय गोंगाट कमी करणारी यंत्रणा कित्येकदा हळू उच्चारलेला शब्दही गोंगाट समजून दाबून टाकते. प्रत्यक्ष बोलताना आपण 'पुन्हा सांगा' म्हणू शकतो; मुद्रणात मात्र गेलेला शब्द कायमचा जातो.

म्हणून माझे म्हणणे असे की, प्रत्येकाचा आवाज ज्याच्या त्याच्या घरीच मुद्रित व्हावा. आपला आवाज आपल्या संगणकावर ऑडॅसिटी या विनामूल्य प्रणालीत घ्यावा. पलीकडील आजोबांचा मोबाईल संभाषणात गुंतलेला असतो व त्याच मोबाईलवर ध्वनिमुद्रण बहुधा होत नाही. म्हणून घरातील दुसरा मोबाईल मुद्रणासाठी त्यांच्यासमोर वीतभर अंतरावर ठेवावयास सांगावे. दोघांनीही हेडफोन लावावेत, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या मुद्रणात शिरत नाही. पंखा बंद ठेवावा. मूळ संभाषणाचेही जसे जमेल तसे मुद्रण घ्यावे. ते पुढे जुळणीस मार्गदर्शक ठरते. आरंभी व शेवटी आजोबांनी एकेक टाळी वाजवावी. टाळीचा ध्वनी आलेखात टोकदार सुळक्यासारखा उठून दिसतो. मार्गदर्शक मुद्रणातील व मोबाईलवरील टाळी एका रेषेत आणली की दोन्ही आवाज जुळतात. दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. तासाभरात पडलेला फरक शेवटच्या टाळीवरून कळतो.

सेकंदाला ४८,००० नमुने व प्रत्येक नमुन्यास दोन बाइट धरल्यास एका आवाजाच्या एका तासास सुमारे ३४५ मेगाबाइट जागा लागते. आजच्या संगणकास हा भार जड नाही. मूळ फाईल तशीच दोन ठिकाणी जपून ठेवावी व काटछाट प्रतीवरच करावी.

काटछाट करताना भाषेस हात लावू नये. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील बोलींवर गम्पर्झ व विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मराठी, कन्नड व उर्दू यांची वाक्यरचना शेजारामुळे किती जवळ आली आहे, हे दाखविले आहे. आपल्या सीमाभागातील बोलणेही असेच मिसळलेले आहे. 'शुद्ध' करण्याच्या भरात कन्नड वळणाचे वाक्य गाळले, तर बोलणाऱ्याचीच ओळख पुसली जाईल. अर्थ न कळल्यास या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना विचारावे.

अखेरची गोष्ट संमतीची. नाव, गाव, तारीख व 'हे बोलणे प्रसिद्ध करण्यास माझी हरकत नाही' एवढे आजोबांनी मुद्रणाच्या आरंभीच सांगावे. नंतर एखादा भाग वगळा म्हणाले, तर तो निमूटपणे वगळावा. येत्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या नात्यागोत्यातील एका वडीलधाऱ्या माणसापासून आरंभ करावा, अशी माझी विनंती आहे.