आजारी लघुउद्योग आणि नादारीचा कायदा

'दिवाळे' हा शब्द आपल्याकडे अब्रूशी जोडला गेला आहे. त्यामुळे धंदा डबघाईला आला की लहान व्यावसायिक आधी घरातील दागिने गहाण टाकतो, मग सावकाराकडे जातो आणि बँकेची पायरी चढतो ती सर्वांत शेवटी. कायद्याचे साहाय्य मात्र आरंभीच अधिक उपयोगी पडते.

नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ साली संमत झाली. एप्रिल २०२१ मध्ये तीत लघुउद्योगांसाठी पूर्वनियोजित तोडग्याची तरतूद करण्यात आली. थकबाकी किमान १० लाख रुपये असावी, कर्जाच्या मूल्याने ६६ टक्के वित्तीय धनकोंची संमती असावी आणि १२० दिवसांत निकाल लागावा, असे तिचे स्वरूप आहे. या काळात कारभार मालकाच्याच हाती राहतो, ही तिची जमेची बाजू होय. परंतु ही सोय कंपन्या आणि मर्यादित दायित्व भागीदारी संस्था यांच्यापुरतीच आहे. पिठाची गिरणी किंवा वेल्डिंगचे दुकान बहुधा एका व्यक्तीच्या नावे असते. व्यक्तींविषयीचा संहितेचा भाग १ डिसेंबर २०१९ रोजी अमलात आला, तोही कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. परिणामी अशा व्यावसायिकास मुंबईत १९०९ चा व राज्यात अन्यत्र १९२० चा अधिनियमच उरतो. ५०० रुपयांच्या कर्जावरही अर्ज करता येतो, ही १९२० ची मर्यादाच त्या कायद्याचे वय सांगते. मालमत्ता विकून धनकोंना वाटणे हा त्याचा मुख्य रोख. धंदा सावरणे नव्हे.

अशा व्यावसायिकाला खरा आधार आहे तो रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०१६ च्या निर्देशांचा. २५ कोटी रुपयांपर्यंत कर्ज असलेल्या उद्योगाचा मालक अडचणीची चाहूल लागताच स्वतः बँकेकडे अर्ज करू शकतो. बँकेची समिती तपासणी करून हप्त्यांची फेररचना सुचवू शकते. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. हे निर्देश बँकांवर बंधनकारक आहेत, परंतु आपण लघुउद्योग असल्याचे कागदपत्रांसह मालकाने खाते अनुत्पादक ठरण्यापूर्वीच दाखवून द्यावयास हवे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजी दिला. जप्तीची वेळ येईपर्यंत गप्प बसलेल्यास ही ढाल मिळत नाही.

पुष्कळदा आजाराचे मूळ अडकलेल्या येण्यात असते, आणि देणेकरी कधीकधी सरकारी कार्यालयच असते! २००६ च्या अधिनियमानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते झाले पाहिजेत. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. तक्रार सुविधा परिषदेकडे करावी लागते. त्यासाठी, तसेच बँकेत जातानाही, उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र, हिशेबाच्या वह्या आणि येण्या-देण्याची यादी जवळ असावी.